सहाच्या आत

११ जुलै

डॉ. नीरज म्हणाला, "सर, कधी काय होतं ते लिहून ठेवा. टाइम टाका. अंदाजे नको." बावीस वर्षे देपालपूरच्या शाळेत मी गणित शिकवले, आणि अंदाजे नको हे हा मला सांगतो! त्यातून हा माझाच विद्यार्थी. पंच्याण्णव सालची दहावी, मागच्या बाकावर बसायचा, भूमितीत कच्चा. आता मेंदूचा डॉक्टर आहे. मी शिरलो तर खुर्चीतून उठून उभाच राहिला. म्हणाला, "बाहेर तुमच्या चपलांचा आवाज आला आणि माझी पाठ अपने आप ताठ झाली, सर." बरे वाटले. इतक्या वर्षांनी मास्तरची आठवण कोण ठेवतो?

तर नोंद. शालिनी, माझी पत्नी, वय सदुसष्ट. तीन वर्षांपासून विसरते. आधी किल्ल्या, डबे, मग नावे. यंदा होळीपासून चेहरे. मला ओळखत नाही हे मी कुणालाच सांगितले नव्हते, मुलीलाही नाही. आज नीरजला सांगावे लागले. घरात मी बाहेरच्या खोलीत बसतो, ती आतल्या. समोरच्या सरलाताईंना तिने विचारले म्हणे, "तो बाहेर बसलेला माणूस कोण आहे? जाणार कधी?"

माझ्या हातून काही घेत नाही. मी समोर बसलो की घास तोंडातच राहतो. वजन चव्वेचाळीस किलो.

नीरजने समजावले. "चेहरा, नाव, नातं, ह्यांची दुकानं मेंदूत अलग-अलग असतात, सर. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. माणूस कोण ते जातं. तो आपल्याशी कसा वागला ते इतक्या जल्दी नाही जात." मी म्हटले, कोण ते माहीत नसताना कसा ते कसे माहीत असेल? हे कुठल्याच गणितात बसत नाही. तो हसला आणि काही बोलला नाही. शाळेतही असाच करायचा.

१५ जुलै

संध्याकाळची बेचैनी. नीरज म्हणतो, या आजारात दिवस मावळायला लागला की असे होते, उजेड कमी झाला की मन घाबरते. वेळा: परवा ५.४८, काल ५.५२, आज ५.५०.

क्रम ठरलेला. आधी रेडिओ बंद करते. सरलाताई बसलेल्या असतील तर त्यांना अक्षरशः हाताला धरून उठवते. मग दारातल्या चपला एका रेषेत लावते, वर्तमानपत्राची घडी घालते, चहाचे आधण ठेवते आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहते. दाराकडे पाठ. काही बोलले तर उत्तर नाही. साडेसहाच्या सुमारास हळूहळू सैल पडते. काल गॅस तसाच चालू राहिला, पातेले जळाले.

सूर्यास्त ७.१३ चा आहे. पण ढग असतात, उजेड आधीच कमी होत असेल.

२० जुलै

संहिताचा पुण्याहून फोन. सरलाताईंनी तिला सगळे सांगितले दिसते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणाली, "बाबा, मी आईला इकडे घेऊन येते." मी म्हटले, बिलकुल नाही. ती म्हणाली, "मग संक्रांतीपर्यंत बघते. वजन अजून उतरलं, आई जेवली नाही, तर मी विचारणार नाही. घेऊन जाईन."

मी तिला वेळांची नोंद वाचून दाखवली. पाच अठ्ठेचाळीस, पाच बावन्न. मग म्हणाली, "तुम्हाला खरंच नाही कळत?" आणि फोन ठेवला. तिला वैद्यकातले काय कळते? बँकेत आहे ती.

शालिनी गेली तर या घरात मी एकटा. आत्ताही एकटाच आहे म्हणा, पण आतल्या खोलीत बांगड्या वाजतात. तेवढ्यावर दिवस निघतो.

९ ऑगस्ट

वजन त्रेचाळीस.

आज लग्नाचा अल्बम दाखवला. तिने स्वतःला ओळखले, तिच्या आईला ओळखले. माझ्या फोटोवर बोट ठेवून मी विचारले, हा कोण? मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारताना आवाज चढला हे कबूल करतो. तिने अल्बम मिटून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चुकलं माझं."

कशाला माफी मागितली कोण जाणे. मी काही रागावलो नव्हतो. मोठ्याने बोलायची सवयच आहे माझी, साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायला हवा.

१४ सप्टेंबर

सव्वा महिना काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे नव्हते. ५.५०, ५.४९, ५.५१. पालथ्या घड्यावर पाणी.

दिवसभरात ज्या माणसाशी दोन वाक्ये बोललो तो कचऱ्याच्या गाडीवरचा होता. "सरजी, गीला कचरा अलग टाका." मी म्हटले, अलगच आहे. एवढेच.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या धुराने घसा पार बसला. आवाजच फुटत नाही. घशाचे डॉक्टर म्हणाले, आठ दिवस मौन. घरी कुणाशी बोलायचे असते म्हणून मौन पाळायचे?

पण आज जे झाले ते सविस्तर लिहितो.

दुपारी औषध आणायला गेलो, किल्ली आतच विसरलो. सरलाताई शालिनीपाशी बसल्या होत्या. मी बेल वाजवली. या घराची बेल मी कधी वाजवली नव्हती. माझ्याजवळ किल्ली असे, नाही तर मी दार ठोकत असे. दार शालिनीने उघडले. माझ्याकडे बघितले आणि पदर सारखा करून म्हणाली, "या ना. हे घरी नाहीत, पण बसा."

मी चपला बाहेरच काढल्या आणि पाहुण्याच्या खुर्चीवर बसलो. तिने पाणी आणले. वाटीत शेव आणली. घसा बसलेला, म्हणून मी नुसती मान हलवली. ती समोर बसली आणि बोलायला लागली! सात महिन्यांत एवढी वाक्ये मी ऐकली नव्हती. "आमचे हे देपालपूरला मास्तर आहेत. रोज अप-डाउन करतात. थकून जातात फार." मी घोगऱ्या आवाजात कसेबसे विचारले, तुम्ही शेव नाही घेत? ती लाजली. मग तिने वाटीतून घेतली आणि माझ्यासमोर खाल्ली.

सरलाताई आतल्या दारात उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या. त्यांचे आपले काहीतरीच.

२७ ऑक्टोबर

मुद्दाम चार वाजता बाहेर गेलो, जिना उतरून पुन्हा चढलो आणि बेल वाजवली. "या ना. हे घरी नाहीत." आज पोहे. माझ्याबरोबर तिनेही खाल्ले.

बाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून जायचे. लोक ऐकतील तर हसतील. हसोत.

५ नोव्हेंबर

घसा सुटला. काल नेहमीच्या आवाजात "नमस्कार!" म्हटले तर तिने दार अर्धवट लोटून घेतले. आज हळू बोललो. दार पूर्ण उघडले.

म्हणजे आवाज. मी समजत होतो, बेलमुळे किंवा घशाला गुंडाळलेल्या नव्या मफलरमुळे.

हळू बोलणे अवघड आहे. वाक्य तोंडातून निघण्याआधी धरावे लागते. पण साधते.

१२ नोव्हेंबर

वजन साडेचव्वेचाळीस. वाढले!

पाहुण्याला ती पुष्कळ सांगते. लग्नाआधी बेटम्याला मामाकडे जायची तेव्हाचा हुरडा. नाटकात काम केले होते, कॉलेजात. हे मला माहीत नव्हते. मी विचारले, पुढे का नाही केले? म्हणाली, "राहून गेलं." तिला गाणी आवडतात, रेडिओवरची, जुनी. हेही माहीत नव्हते म्हणणे बरोबर नाही. घरी आल्यावर मला शांतता लागे, एवढे माहीत होते.

पाच-चाळीस झाले की ती घड्याळाकडे बघू लागते आणि पाहुण्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवून त्याला निरोप देते. मी खाली बाकावर जाऊन बसतो. ती जेवून झोपली की सरलाताई गॅलरीतून हात करतात, मग मी वर जातो. बेचैनीची वेळ आता त्या बघून सांगतात.

२६ नोव्हेंबर

आज गणिताने मला आनंद दिला. पुष्कळ वर्षांनी.

सगळ्या नोंदी एका तक्त्यात मांडल्या. जुलैत सूर्यास्त ७.१३, बेचैनी ५.५०. सूर्यास्ताच्या सव्वा तासाहून अधिक आधी. आता सूर्यास्त ५.४२, बेचैनी ५.५०. सूर्यास्तानंतर आठ मिनिटांनी! म्हणजे सूर्याचा काही संबंधच नाही. उजेडाचा नाही, ढगांचा नाही. नीरज चूक. (भूमितीत कच्चा होताच.) ही घड्याळाची वेळ आहे.

पाच पन्नास म्हणजे काय? देपालपूरची बस. ती पावणेसहाला इथे गंगवाल स्टँडवर लागायची आणि मी स्कूटरने सहाला दारात. बावीस वर्षे, एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

ती माझी वाट बघते आहे!

चेहरा गेला, नाव गेले, पण सहाला मी येतो हे तिच्या अंगात राहिले आहे. चपला लावते, आधण ठेवते. सरलाताईंना सांगितले तर त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, क्या है ना... राहू द्या."

२८ नोव्हेंबर

मग तिची वाट बघणे फुकट का जाऊ द्यावे? आज ठीक सहाला पाहुणा म्हणून नाही, मी म्हणून गेलो. जुनी शबनम पिशवी खांद्याला, जिन्यावर चपला वाजवत. दार ठोकले, आत शिरलो आणि पूर्वीसारखाच म्हणालो, "चहा झाला का?"

ती ओट्याशी होती. वळली नाही. हातातली बशी पडून फुटली. मी म्हटले, असू दे, असू दे. तर ती खाली बसून हातांनी काचा गोळा करायला लागली आणि तेच, "चुकलं माझं, चुकलं माझं." अंगठा कापला. सरलाताई धावत आल्या.

ती काही जेवली नाही.

घाईमुळे झाले असेल. एकदम समोर जायला नको होते.

१ डिसेंबर

दोन दिवस पाहुण्यालाही दार उघडले नाही. आज उघडले. अंगठ्याला पट्टी. मी विचारले, काय झाले? म्हणाली, "काही नाही. माझीच वेंधळी कामं." आणि मग हळूच, "ह्यांना सांगू नका हं बशीचं."

मी म्हटले, नाही सांगणार.

खाली बाकावर बसलो तेव्हा एकोणनव्वद साल आठवले. भाजीत मीठ दोनदा पडले होते आणि मी ताट सरकवले होते. जोरात. भिंतीपर्यंत गेले. हात मी कधी उगारला नाही, देवाशपथ. ताट एकदाच, आणि ते सदतीस वर्षांपूर्वी. छत्तीस. वजाबाकी चुकली.

१९ डिसेंबर

वजन पंचेचाळीस. संहिताला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "येते संक्रांतीला. बघू." हे असेच चालले तर शालिनी इथे राहील. देवापुढे नवस वगैरे मी बोलत नाही. आज बोललो.

१२ जानेवारी

संहिता आली. दुपारी चारला मी पाहुणा होऊन गेलो, ती सोफ्यावर बसून बघत होती. शालिनीने लाडू दिला. मी विचारले, तिळगूळ तुम्ही केलात? गुळाचा पाक छान जमलाय. ती मुलीसारखी हसली.

मी निघालो तशी संहिता मागोमाग जिन्यात आली. मला वाटले, शाबासकी देईल. तिचा चेहरा निराळाच होता.

"बाबा, आईशी तुम्ही असं बोलू शकत होता?"

"असं म्हणजे?"

"असं. हळू."

फळ्यासमोर उभे केलेल्या पोरासारखा उभा राहिलो.

१४ जानेवारी

शालिनीचे हळदीकुंकू. सरलाताईंनी गल्लीतल्या आठ-दहा बायका बोलावल्या होत्या. संहिताने तिला काळी साडी नेसवली. बायकांच्यात माझे काय काम, पण पाहुण्याला तिने स्वतःच बसवून घेतले, दाराजवळच्या खुर्चीवर.

कुणीतरी म्हणाले, "शालिनीताई, नाव घ्या की!" मी मनात म्हटले, कशाला छळता तिला? नाव आता कुठून येणार?

ती उठून उभी राहिली. मान खाली घातली. आणि न अडखळता म्हणाली,

"तिळात मिसळला गूळ, हलव्याचा केला साज,
लक्ष्मीकांतरावांचं नाव घेते, पहिली संक्रांत आज."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. हा उखाणा लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा. शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा. माझे नाव तिच्या तोंडून मी त्यानंतर आज ऐकले. मला रडू आले. लपवले नाही. नाव आहे तर! आत कुठेतरी मी आहे. उठून तिच्यासमोर जावे आणि सांगावे, शालू, मीच तो. मी अर्धा उठलोसुद्धा.

तेवढ्यात तीच माझ्याकडे आली. तळहातावर तिळगूळ ठेवला. घड्याळाकडे बघितले आणि वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"तुम्ही आता निघा हं. सहा वाजत आले. ते येतील. त्यांना घरात माणसं आवडत नाहीत. तुम्ही चांगले आहात हो, तुम्हाला कशाला उगीच बोलणी?"

मी चपला घातल्या. तिने मागून दारातल्या उरलेल्या चपला एका रेषेत लावल्या.

खाली बाकावर बसलो. तिळगूळ मुठीत तसाच. थोड्या वेळाने संहिता येऊन शेजारी बसली. मी तिला विचारले, "तू पण?"

म्हणाली, "मी पाढे म्हणायची. मनातल्या मनात. एकोणतीसचा झाला की तुमची स्कूटर वाजायची."

शालिनी वाट बघत नव्हती. कधीच नाही. तक्ता बरोबर होता, उत्तर मीच चुकीचे काढले. नीरज ताठ उभा राहिला होता ते आत्ता डोळ्यांसमोर येते आहे. हसला होता आणि बोलला नव्हता.

संहिता म्हणाली, "परवाचं तिकीट आहे. आईचंही काढू?" वजन, जेवण, सगळे माझ्या बाजूने होते. तरी मी म्हटले, "उद्याचा दिवस थांब. मग तू म्हणशील तसं."

१५ जानेवारी

चार वाजता बेल वाजवली. चिवडा. पाच-चाळीसला तिचे डोळे घड्याळाकडे गेले. उठून रेडिओ बंद केला. मग माझ्याकडे वळली. मी खुर्चीतच बसून होतो. हळू म्हणालो,

"वहिनी, एक निरोप आहे. मास्तर आज येणार नाहीत."

"का?"

"देपालपूरलाच राहणार आहेत. शाळेचं काम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"नक्की. मला स्वतः सांगितलं त्यांनी."

तिचे खांदे खाली आले. किती वर खेचून धरले होते ते खाली आल्यावर कळले. ती पलंगावर बसली, मग पाय वर घेऊन मांडी घालून बसली. शेहेचाळीस वर्षांत तिला या घरात अशी बसलेली मी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "मग तुम्ही जेवूनच जा."

आम्ही तिघे जेवलो. दोन पोळ्या खाल्ल्या तिने. संहिता ताटाकडे बघून जेवत होती. नंतर ओट्याशी भांडी लावताना मला म्हणाली, "बाबा, मी एकटीच जाते."

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण या घरात मला ओळखणारी तीच होती, आणि ती उद्या जाईल.

२३ जानेवारी

वजन साडेपंचेचाळीस. बेचैनी: नाही.

रोज पावणेसहाला ती विचारते आणि रोज मी सांगतो. काल परीक्षा होत्या, परवा बस नव्हती. आज कारण सुचेना, म्हणून नुसतेच म्हटले, "नाही येणार."

"उद्या?"

"उद्याही नाही."

ती थोडी विचारात पडली. म्हणाली, "एकटे जेवत असतील हो तिकडे." मी म्हटले, हो, असतील.

मग तिने उठून रेडिओ लावला.